पॅरिशच्या शाळेतून मुलाला काढू का?

पत्र

आदरणीय टीचर,

आम्ही वसईच्या पश्चिम पट्ट्यातले. मुलगा आमच्या पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मग्रामाच्या, इंग्रजी शाळेत चौथीत आहे. जूनपासून त्याला स्टेशनकडच्या एका नव्या सीबीएसई शाळेत घालायचं असं नवऱ्याने ठरवलंय. तिथली फी वर्षाला लाखभर, बसचे पैसे वेगळे. आमच्या शाळेत त्याच्या पाव हिस्साही लागत नाही. नवरा म्हणतो, "आपल्या शाळेत आता आपली मुलं उरलीत किती? आणि धर्मशिक्षण काय, रविवारी चर्चमध्ये होतंच की." सासूबाई ऐकायला तयार नाहीत. सासरे अचानक गेले तेव्हा नवरा आठवीत होता. शाळेने दहावीपर्यंत त्याची फी घेतली नाही. "त्या शाळेचं खाल्लंय आपण," असं त्या येता-जाता म्हणतात. मागच्या रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर फादरांनीही मला थांबवून शाळा बदलण्याबद्दल विचारलं. आता तुम्हीच सांगा. आमच्या शाळेला खरंच काही किंमत आहे, की ही नुसती आपली भावना? कॅथलिक मुलाला कॅथलिक शाळेतच घालायला हवं, असं बंधन आहे का? आणि शाळा बदलली तर त्याचं दृढीकरण (कन्फर्मेशनचा संस्कार), पुढे अकरावीचा अल्पसंख्याक कोटा, यात काही अडेल का? मुलगा शाळेत खूश आहे. गणित जरा कच्चं.

– एक आई, वसई

उत्तर

प्रिय आई,

तुमच्या पत्रात नवरा बोलतो, सासूबाई बोलतात, फादर बोलतात. ज्याची शाळा बदलायची तो मुलगा मात्र अगदी शेवटच्या ओळीत येतो, तोही दोन वाक्यांत. खूश आहे, गणित कच्चं. मी तिथूनच सुरू करते.

चौथीतला मुलगा रोज सकाळी कुरकुर न करता दप्तर उचलतो, ही साधी गोष्ट नाही. नोकरीतल्या सगळ्या वर्षांत मी असे पालक बघितले, जे याच एका गोष्टीसाठी शाळेमागून शाळा बदलत होते. कच्चं गणित शाळा बदलून पक्कं होत नाही. ते मुलाबरोबर नव्या शाळेत जातं आणि तिथे पुस्तक नवं, टीचर अनोळखी, वर्गातली मुलं वर्षभर पुढे, अशा अवस्थेत आणखी कच्चं वाटायला लागतं. त्यामुळे माझं उत्तर आधीच सांगून टाकते : या जूनमध्ये शाळा बदलू नका. पण सासूबाई म्हणतात म्हणून नव्हे, आणि फादरांनी विचारलं म्हणून तर मुळीच नव्हे.

बंधनाचं आधी मिटवू. चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेत 798 वं कलम आहे. ते म्हणतं, पालकांनी मुलांना कॅथलिक शिक्षण देणाऱ्या शाळेत घालावं, आणि ते जमत नसेल तर शाळेबाहेर तसं शिक्षण मिळेल याची काळजी घ्यावी. म्हणजे वाट मोकळी ठेवली आहे, जबाबदारी मात्र तुमच्याकडेच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर 1965 मध्ये शिक्षणावर घोषणापत्र काढलं, त्यातही मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हणून आईवडिलांचंच नाव आहे. शाळा त्यानंतर येते. तेव्हा तुम्ही मुलाला दुसरीकडे घातलंत तर ते कन्फेशनला जाऊन सांगण्यासारखं काही होत नाही. घरात प्रार्थना नाही, रविवारची मिस्सा सणासुदीपुरती, आणि 'शाळेत सिस्टर शिकवतातच' म्हणून निवांत राहायचं, हे मात्र त्या कलमात कुठेच बसत नाही. असे पालक मी पॅरिशच्या शाळेतच जास्त बघितले.

आता सासूबाई. शाळेचं खाल्लंय, हे त्यांचं वाक्य मला कळतं, कारण मी त्यांच्याच पिढीच्या जवळची. विधवा बाईचा मुलगा दहावी झाला तो कुणाच्या तरी हाताने झाला, हे त्या विसरणार कशा? पण ते देणं नातवाच्या बाकावरून फेडायचं नसतं. तुमच्या नवऱ्याची फी माफ झाली म्हणजे ती दुसऱ्या कुणीतरी सोसली. पॅरिशमध्ये गरजूंना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीने भरली असेल, गल्फमधल्या एखाद्या कुटुंबाने भरली असेल, नाहीतर शाळेने आपल्या खात्यात तो खड्डा तसाच ठेवला असेल. बहुतेक वेळा याची वाच्यता होत नाही आणि तसंच असायला हवं. आज त्याच शाळेत तसा आठवीतला कुणीतरी आहेच. नवऱ्याने ऑफिसात जावं आणि एका मुलाची वर्षाची फी भरून यावं, नाव न विचारता. तुमचा मुलगा कुठल्याही शाळेत असो, हे करता येतं. सासूबाईंना सांगून बघा, त्यांचा अर्धा विरोध तिथेच मावळेल.

याच गोष्टीची दुसरी बाजू तुमच्या पत्रात नाही, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्या आईची फी वाचली तिला ती आठवण गोड लागते. ज्या मुलाची फी माफ झाली त्याला ती तशीच लागेल असं नाही. आठवीतल्या पोराला कळत असतं. ऑफिसात बोलावलं की वर्गातली मुलं बघतात. वह्या-पुस्तकं वाटताना नाव पुकारलं जातं. सहलीचे पैसे कुणी भरले हे कधीतरी कुणाच्या तरी तोंडून निघतं. द्यायचा हात चांगला असला तरी घेणाऱ्याला वर्षानुवर्षं मान खाली घालावी लागू शकते. असा मुलगा मोठा होऊन चांगलं कमवायला लागला आणि 'माझा मुलगा लाख रुपयांच्या शाळेत जाईल' असं म्हणाला, तर मला त्यात बोर्डापेक्षा वेगळंच काहीतरी ऐकू येतं. तुमच्या नवऱ्याचं तसंच असेल असा माझा दावा नाही. पण एकदा विचारा. आईसमोर नको, मुलासमोर नको. "तुला त्या शाळेत कसं वाटायचं रे?" एवढंच विचारा आणि मग मध्ये बोलू नका. हे बोलणं झाल्याशिवाय फी, बस, बोर्ड यांच्यावर कितीही वाद घातलात तरी तो संपणार नाही.

किंमत आहे की नुसती भावना, हा तुमचा मूळ प्रश्न. नवऱ्याला भावना नको असेल तर जरा इतिहास सांगा. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज निघून गेले. इथला ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी इथेच राहिला. त्याआधी किल्ल्यात जेझुइट संघाचे धर्मगुरू शिकवत होते. त्यांच्याकडे वाढलेला आपला गोन्सालो गार्सिया पार जपानला पोचला, 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि 1862 मध्ये संत झाला. पण किल्ल्यातलं ते शिक्षण गिरिज-गाससारख्या आपल्या गावांतल्या वाड्यांपर्यंत कितीसं पोचलं असेल? वाड्यांमध्ये अक्षरं आली ती फार नंतर, चर्चच्या आवारात भरणाऱ्या मराठी शाळांमधून. केळी आणि विड्याची पानं पिकवणाऱ्या घरातली मुलं सातवीची फायनल पास झाली आणि त्यातलीच काही मास्तर झाली. कितीतरी घरांतली पहिली पगारी नोकरी ती. 1918 मध्ये बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक उभी राहिली. हिशेबाची वही वाचू शकणारे सभासद नसते तर सहकारी बँक चालली असती का? पुढे याच पट्ट्यातून मराठीत लिहिणारे लोक निघाले. नंदाखालला 1942 मध्ये जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. डॉ. सिसिलिया कार्व्हालो यांचं लेखन महाराष्ट्रभर वाचलं जातं. 2011 च्या जनगणनेत राज्यातले ख्रिस्ती 1 टक्कासुद्धा भरले नाहीत. एवढ्याशा समाजाचा आवाज इतका दूर गेला, त्याच्या मुळाशी खडू आणि फळा होता.

(त्या मराठी शाळांचं आज काय चाललंय, तुकड्या कशा एकेक करून बंद होताहेत, यावर मला बोलायला लावू नका. सदर संपेल, मी थांबणार नाही.)

तरीही इतिहासासाठी कुणी आपलं पोर शाळेत ठेवू नये. आजोबांच्या काळच्या उपकारांनी नातवाचे अपूर्णांक सुटत नाहीत. आज त्या शाळेत काय आहे ते बघायला हवं.

माझ्या मते आजची किंमत धर्मशिक्षणाच्या तासात नाही. हे वाचून काही सिस्टर माझ्यावर रागावतील. पण तो तास पुष्कळ ठिकाणी कंटाळवाणा होतो, आणि गणिताचा पोर्शन मागे राहिला की पहिला बळी त्याचाच जातो. खरी किंमत ओळखीत आहे. सकाळी वर्गावर असलेली टीचर रविवारी मिस्साला तुमच्यापुढे दोन बाकांवर असते. शिपाईकाका पलीकडच्या आळीतले. क्वायरमध्ये वाजवणारा मुलगा शाळेत पी.टी. घेतो. तुमचा मुलगा चार दिवस डबा न खाता परत आणतोय, हे पालकसभेची वाट न बघता तुम्हाला मासळीबाजारात कळतं. माझ्या वर्गात एक मुलगा अचानक रोज उशिरा यायला लागला होता. दुसरीकडे डायरीत लाल शेरा पडला असता. त्याच्या आईला दवाखान्यात ठेवलंय आणि धाकट्याला बालवाडीत सोडून तो येतो, हे मला ऑक्टोबरातल्या आळीतल्या रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, कळलं. मग शेरा कुणी मारला नाही, आणि त्या दोघा भावांचा दुपारचा डबा तीन घरांतून आळीपाळीने येत राहिला. यात शाळेचं धोरण वगैरे काही नव्हतं. माणसं तीच होती, एवढंच. हे लाखभर फी घेऊनही विकत देता येत नाही, कारण त्या शाळेत मुलं विरारहून येतात, टीचर बोरिवलीहून, आणि साडेतीन वाजता सगळ्यांच्या बस वेगवेगळ्या दिशांना सुटतात. त्यात त्यांचा दोष नाही.

याच ओळखीचा जाचही होतो, तेही सांगते. थोरल्या भावाला शिकवलेली टीचर धाकट्याला थोरल्याच्या मापाने मोजते. वर्गातली मारामारी संध्याकाळपर्यंत आजीच्या कानावर जाते. टीचर नात्यातली निघाली की तक्रार गिळावी लागते, आणि व्यवस्थापक म्हणून फादर असले की 'फादरांच्या विरोधात कसं बोलायचं' म्हणून भलेभले पालक गप्प बसतात. तुमचा मुलगा खूश नसता, त्याला कुणी सतत चिडवत असतं, किंवा त्याला अक्षरं ओळखण्यातच अडचण असती आणि शाळा 'आळशी आहे' म्हणून हात झटकत असती, तर मी तुम्हाला दुसऱ्याच दिवशी दाखला काढायला सांगितलं असतं. पॅरिश, ऋण, लोक काय म्हणतील, सगळं बाजूला ठेवून.

'आपली मुलं उरलीत किती' हा नवऱ्याचा मुद्दा. संविधानाच्या 30 व्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिला. 28 व्या कलमाने मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही, त्याच्या किंवा पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला बसायची सक्ती करता येत नाही. म्हणून आपली मुलं धर्मशिक्षणाला जातात तेव्हा बाकीची नीतिशिक्षणाला बसतात. वर्गात आपली मुलं थोडी असतील, पण मला ती गोष्ट तोट्याची वाटत नाही. गणपतीत मोदक आणि नाताळात कुसवार (नाताळचा फराळ) एकाच डब्यातून फिरलेली मुलं उद्या महापालिकेत, पोलीस ठाण्यात, तलाठ्याच्या ऑफिसात बसतात. ज्याने दहा वर्षं आपल्या शाळेत सकाळची प्रार्थना ऐकली, त्याला आपण कोण हे पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही. टक्क्यालाही न पुरणाऱ्या समाजाला याचा किती आधार असतो, हे ज्याला कधी एखादी अफवा निस्तरावी लागली त्याला विचारा. नव्या शाळेतही सगळ्या धर्मांची मुलं असतील, नाही असं नाही. पण तिथे धर्म अनेक आणि खिसा एक. तुमच्या शाळेत डॉक्टरांची मुलगी आणि भाजीवालीचा मुलगा अजून एका बाकावर बसत असतील, तर ते जपण्यासारखं आहे. बसत नसतील, तर फादरांना त्याबद्दल प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आणि फादरांनी तुम्हाला का थांबवलं, तेही ऐका. शाळेचा जो विभाग अनुदानित असतो त्याच्या शिक्षकांचे पगार सरकार देतं, आणि किती शिक्षक मिळणार ते पटावर ठरतं. त्याला संचमान्यता म्हणतात. आधार जुळलेल्या मुलांचा आकडा धरतात. थोडी मुलं कमी झाली की एक तुकडी जाते, एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचं समायोजन दुसरीकडे होतं, आणि उरलेल्यांवर जादा तास पडतात. मग निकाल घसरतो आणि आणखी मुलं जातात. आपल्याच लोकांनी मुलं काढली आणि मग 'शाळा पूर्वीसारखी राहिली नाही' म्हणून हळहळले, असं मी बघितलंय. तरी हा भार एका चौथीतल्या मुलाच्या आईच्या खांद्यावर टाकू नये. पट टिकवायचा असेल तर शाळेने चांगलं शिकवावं. फादरांना तसं म्हणायला लाजू नका, हवं तर माझं नाव सांगा.

कारण पॅरिशच्या शाळांमध्ये सुधारायला जागा आहे, आणि ती नवऱ्याला दिसतेय. काही ठिकाणी गणित-विज्ञानाला कायम शिक्षकच नाही, तासिका तत्त्वावर दरवर्षी नवीन चेहरा येतो. सिस्टर मुख्याध्यापिका जरा रुळल्या की त्यांची बदली. पालक-शिक्षक संघाची सभा म्हणजे चहा, समोसा आणि गॅदरिंगचा खर्च. आणि एक गोष्ट मला फार लागते. इंग्रजी शाळेच्या आवारात मराठी बोललं म्हणून मुलांना दंड करणाऱ्या शाळा अजून आहेत. कुणाच्या शाळा या? ज्यांच्या आज्या कादोडीत, वसईच्या आपल्या मराठी बोलीत, जपमाळ म्हणतात त्यांच्या! तुमच्या शाळेत असं चालत असेल तर पालकसभेत उभं राहून विचारा.

मुलाचं गणित कच्चं असलं तरी पैशाचं गणित आपण करू. लाख रुपये फी आणि दरवर्षी 10 टक्के वाढ धरली, तर पाचवी ते दहावी या सहा वर्षांचे साधारण पावणेआठ लाख होतात. बस, पुस्तकं, गणवेश, सहली वेगळ्या. तेवढे पैसे तुमच्याकडे सहज असतील तर प्रश्न नाही. कर्ज काढून किंवा अकरावी-बारावीसाठी ठेवलेलं मोडून द्यायचे असतील, तर मी नको म्हणेन. खरा खर्च तिथून पुढे असतो. डॉक्टर-इंजिनीअरच्या प्रवेशपरीक्षा बारावीनंतर येतात आणि दहावीनंतर बोर्ड बदलता येतं. नीटचा अभ्यास एनसीईआरटीच्या पुस्तकांवर होतो, ती पुस्तकं राज्य मंडळाच्या मुलालाही बाजारात मिळतात. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, त्यामुळे तिकडे गेल्यावर मराठी सुटेल अशी आशा कुणाला असेल तर तीही सोडावी.

आता तुम्ही दोघांनी काय करायचं? दोन्ही शाळांत जा, वेळ घेऊन, एकत्र. नव्या शाळेत स्विमिंग पूल दाखवतील, तो बघून झाला की पाचवीचा वर्ग चालू असताना दारातून बघू द्या म्हणा. आपल्या शाळेत विचारा, पुढच्या वर्षी पाचवीला गणित कोण घेणार, कायम आहेत की तासिकेवर, आणि मागे पडलेल्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर काही करता का? वाचनालयाला कुलूप आहे की पुस्तकं मुलांच्या हातात पडतात? निघताना दोन्हीकडची मुलांची शौचालयं बघा, प्रॉस्पेक्टसमध्ये नसतं ते तिथे दिसतं. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती कागदावर आहे की तिच्यातल्या पालकांची नावं कुणी सांगू शकतं, हेही विचारा. नवव्या इयत्तेतल्या मुलाच्या आईला गाठा. नववीपर्यंत पोचलेल्या आया खरं बोलतात.

एवढं करून नवरा तरी बदल म्हणाला, आणि त्याच्याशी ते एकांतातलं बोलणं झालेलं असेल, तर जा. मोडता घालू नका. फक्त फादरांना आणि वर्गशिक्षिकेला तुम्ही स्वतः जाऊन सांगा, त्यांना बाजारातून कळू देऊ नका. मुलगा वेदीसेवक असेल, म्हणजे मिस्साला वेदीवर फादरांना मदत करत असेल, तर ते सोडवू नका. संध्याकाळचं क्रिकेट आळीतल्या पोरांबरोबरच राहू द्या, नव्या शाळेचा अभ्यास कितीही असो. नवीन प्रवेश हातात पडेपर्यंत जुन्या शाळेचा दाखला काढू नका. आणि नाही गेलात, तर नुसतं 'ठेवलं' म्हणून बसू नका. तुमच्यापैकी एकाने पालक-शिक्षक संघात नाव द्या. नवऱ्याने दिलं तर उत्तम. ज्याला शाळेतलं कमी दिसतं तो माणूस त्या सभेला हवा असतो. गणितासाठी क्लास लावण्याआधी टीचरला भेटून नेमकं काय अडलंय ते विचारा. चौथीत बहुधा भागाकार किंवा अपूर्णांक असतो, आणि मेच्या सुट्टीत घरच्या घरी तो सुटतो.

राहिले शेवटचे दोन प्रश्न. दृढीकरण शाळा देत नाही, धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, देतं. मुलगा कुठेही शिकत असला तरी त्याची तयारी पॅरिशमध्येच होते. बाहेरच्या शाळेत गेला तर रविवारच्या वर्गाला दांडी मारून चालणार नाही, कारण मग तेवढंच त्याचं धर्मशिक्षण.

अकरावीचा अल्पसंख्याक कोटा समाजावर ठरतो, दहावी कुठून केली यावर नाही. ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्थांच्या कनिष्ठ महाविद्यालयांत त्याला तो मिळू शकतो. संस्थांतर्गत कोटा मात्र त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी असतो. तुमच्या शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय असेल तर तेवढा एक हक्क जाईल, तो हिशेबात धरा. अल्पसंख्याक कोट्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला मागतात. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथून त्याची प्रत आताच काढून ठेवा, आणि त्यावरचं नाव, जन्मदाखला आणि आधार यांची स्पेलिंगं एकमेकांशी जुळवून बघा. आपल्याकडे एकाच घरातले तीन भाऊ तीन तऱ्हेने डिसोजा लिहितात, आणि दहावीचा निकाल लागला की पॅरिश ऑफिसबाहेर त्याचीच रांग लागते.